वागीमानची बरकत

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते पेलेमवुलुंगइतकं दुसऱ्या कुठल्या गावाने खरं केलं नसेल. अख्खं गाव बेसेक विणायचं. बांबूची वीतभर लांबरुंद करंडी आणि तिच्यावर घट्ट बसणारं तसंच झाकण, एवढाच तो बेसेक. घराघराच्या ओट्यावर बायका मांडीवर पात्या घेऊन बसलेल्या असत. बोटं चालत आणि तोंडं बोटांच्या पुढे धावत. बकरी ईद जवळ आली की जकार्ताला ट्रक सुटायचे. तिकडच्या लोकांना कुर्बानीचं मटण काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतून घ्यायची आता लाज वाटत होती, म्हणून मशिदींना बेसेक लागत होते. मग खाणावळींना लागू लागले, मिठाईवाल्यांना लागू लागले. शहराला लाज वाटली की गावात पैसा येतो, हे पेलेमवुलुंगला चांगलं कळलं होतं.

आणि त्याच पेलेमवुलुंगमध्ये कुणाकडे जन्ममरणाची कंदुरी असली, की दुआ संपल्यावर पाहुण्यांच्या हातात घरी न्यायच्या जेवणाची बरकत पडायची ती प्लास्टिकच्या डब्यातून. हे बू चारिकने सुरू केलं. ती गावच्या कारकुनाची बायको. सासरा वारला तेव्हा तिने मागेलांगहून झाकणाचे निळे डबे आणले आणि एकाही घरून डबा परत मागितला नाही. झालं. त्या दिवसापासून माणूस किती मोठा होता, हे त्याच्या कंदुरीचा डबा किती जाड आहे त्यावर ठरू लागलं. बायका भात-कोंबडी नंतर बघत, आधी डब्याचं बूड अंगठ्याने दाबून बघत. दबलं तर नुसतं "हं" म्हणत. त्या एका "हं"पायी या गावात लोकांनी रेडकं विकली आहेत.

विधवा तुमीराने नवऱ्याची बरकत स्वतः विणलेल्या बेसेकातून दिली, तेव्हा तर कुणाला हसू आवरेना. वागीमानची बायको लासिनेमही हसली होती. घरी येऊन तिने तो बेसेक नवऱ्यापुढे ठेवला.

"घ्या. बाजाराला न्यायचा माल बाईने आपल्यालाच वाढलाय."

वागीमान मुळात कमी बोलायचा. बांबू तासून पात्या काढणं हे गावात पुरुषांचं काम, आणि त्याच्या पात्या अशा सारख्या निघत की दुसऱ्यांच्या बायका मुद्दाम मागायला येत. प्रत्येक गठ्ठ्यात तो काही पात्या हिरव्या सालीसकट ठेवायचा, बुडाच्या मधोमध एकेक घालायला. का, असं विचारलं तर म्हणायचा, आपलं पोर गर्दीत ओळखू यायला नको का? त्याने त्या दिवशी तुमीराच्या बेसेकाचं झाकण काढलं, केळीच्या पानावरचा भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला आणि झाकण परत लावलं.

"भाताला अजून पानाचा वास आहे," तो म्हणाला. "माझी बरकत अशीच दे, हार्नोच्या आई."

"मरायची एवढी घाई झालीय?"

"घाई नाही. आत्ता सांगून ठेवतोय. मेल्यावर सांगायला आलो तर घाबरशील."

लासिनेम तेव्हाही हसली. पुढे तो छातीच्या दुखण्याने गेला, आणि मग तिला ते हसणं सलत राहिलं. त्याने मरायच्या आधी तासून ठेवलेल्या पात्यांचा एक मोठा गठ्ठा परसात होता. तिने त्यातली एकही पाती विकायच्या मालात घातली नाही. सगळ्या पात्यांचे बेसेक विणले आणि चुलीवरच्या फळीवर, धुरात रचून ठेवले, कीड लागू नये म्हणून. धुराने ते हळूहळू गुळाच्या रंगाचे झाले. बुडातली हिरवी पाती काळसर झाली, पण तरीही वेगळी ओळखू यायची.

वागीमानच्या सातव्याची कंदुरी प्लास्टिकच्या डब्यांत गेली. चाळिसाव्याची गेली, शंभराव्याची गेली, दोन्ही वर्षश्राद्धांची गेली. दर वेळी हार्नो आईला म्हणायचा, "पुढच्या वेळी नक्की, म्बोक." आता हजाराव्या दिवसाची राहिली होती. ती शेवटची. ती झाली की मेलेला मोकळा आणि घरचेही मोकळे. पुन्हा त्याच्या नावाने कुणाला जेवायला बोलवत नाहीत. पुढची वेळ आता नव्हती.

हार्नो तिचा एकुलता एक मुलगा, आणि त्याचा धंदा बेसेकाचाच. गावाकडून माल गोळा करायचा आणि शहरात पाठवायचा. दिवसभर ओसरीवर फेऱ्या मारत तो फोनवर बोलायचा, "अहो शंभर टक्के निसर्ग! जमिनीत टाका, माती होईल. वाडवडिलांपासून आम्ही ह्यातच जेवतोय!" आणि फोन ठेवून आत येऊन प्लास्टिकच्या ताटलीत जेवायचा.

कंदुरी आठवड्यावर आली तेव्हा तो बाजारातून एक नमुना घेऊन आला.

"हे बघ काय आणलंय, म्बोक."

डबा प्लास्टिकचाच होता, पण आकार बेसेकाचा. रंग बांबूचा. आणि सगळ्या अंगावर विणीची नक्षी साच्यातून उठवलेली.

"तुझंही समाधान, लोकांचंही समाधान," हार्नो म्हणाला. "विणकाम तेच आहे. फरक कुणाला कळतोय?"

लासिनेमने डबा हातात घेतला. तिची बोटं सवयीने कडेकडेने पातीचं टोक शोधत फिरली. टोक कुठेच नव्हतं.

"हा तुझ्या सासऱ्यासाठी ठेव," ती म्हणाली.

"माझे बाबा जिवंत आहेत अजून!" सून विवित आतून ओरडली.

"म्हणूनच ठेव म्हटलं, न्दुक, पोरी. वेळेवर धावपळ नको."

हार्नो वैतागला. "म्बोक, लोक काय म्हणतील? बापाची शेवटची कंदुरी आणि पोराने टोपलीतून बरकत दिली?"

"दिवसभर त्याच टोपलीचे गोडवे गातोस ना?"

"तो धंदा आहे. खाटीक काय घरी रोज मटण खातो?"

"खातो," लासिनेम म्हणाली. "ऐक, ले, पोरा. तुझ्या बापाने सांगितलं होतं. बेसेकातून जाणार असेल तर कंदुरी करा. नाहीतर करू नका. मी एकटी बसून दुआ मागेन."

विषय तिथेच तुटला. दोन दिवस घरात भांडी जोरात आपटत होती. तिसऱ्या दिवशी हार्नो तिच्याशेजारी ओट्यावर येऊन बसला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ठीक आहे, म्बोक. तुझंच खरं. बेसेकातूनच देऊ."

पोराचा आवाज असा मऊ झाला की त्याच्या मनात काहीतरी शिजत असतं, हे तिला तो रांगत होता तेव्हापासून माहीत होतं. पण जे ऐकायचं असतं ते एकदा ऐकू आलं, की माणूस पुढचं ऐकत नाही. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. रात्री फळीवरचे बेसेक उतरवून एकेक ओल्या फडक्याने पुसला.

कंदुरीच्या दिवशी सकाळपासून शेजारच्या बायका राबायला आल्या. कोंबड्या शिजल्या, नारळ घातलेल्या पालेभाज्या झाल्या, तांदळाचे आपेम झाले. दुपारी दारात मोटार येऊन थांबली आणि तिच्यातून सुती साध्या कपड्यांतली, पण ते कपडे साधे नव्हेत हे लगेच कळावं अशी एक मुलगी उतरली. तिचं नाव नादिन. जकार्तात तिचं घरपोच जेवण पाठवायचं मोठं दुकान होतं आणि हार्नोचं ते सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. बरोबर कॅमेरावाला होता.

"म्बाह, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," तिने आजीचा घ्यावा तसा वाकून लासिनेमचा हात कपाळाला लावला. मुलगी वाईट नव्हती. "आमचे ग्राहक हल्ली जेवणाआधी डब्याचं विचारतात. प्लास्टिक नाही ना? कुठून येतो? कोण विणतं? त्यांना बघायचंय. ते म्हणतील तसं आम्हाला करावं लागतं."

"आणि रस्सा गळतो तेव्हा काय म्हणतात?" लासिनेमने विचारलं.

नादिन हसली. "तेव्हा शिव्या देतात. म्हणून आम्ही आत एक पातळ पिशवी घालतो. ती दिसत नाही."

मग अंगणात चटया अंथरल्या गेल्या. गुळाच्या रंगाचे बेसेक रांगेने मांडले, प्रत्येकात केळीचं पान, पानावर भात, कोंबडी, भाजी, आपेम. लासिनेमने स्वतःच्या हाताने झाकणं लावली. तिला वाटलं, वागीमान कुठे असेल तिथून त्याला हा वास गेला असेल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

आणि काय आश्चर्य! ज्या बायकांनी तुमीराच्या बेसेकाला नाकं मुरडली होती, त्याच आता बेसेक छातीशी धरून कॅमेऱ्यापुढे ओळीने उभ्या राहिल्या. बू चारिक तर सगळ्यांच्या मधोमध.

"आमच्याकडे पहिल्यापासून हेच हो," ती कॅमेऱ्याला सांगत होती. "प्लास्टिकचा वाससुद्धा सहन होत नाही आम्हाला."

मागे उभी असलेली तुमीरा जमिनीकडे बघत राहिली.

नादिन लासिनेमकडे वळली. "म्हणजे म्बाह, तुमच्या गावात बरकत नेहमी बेसेकातूनच जाते ना?"

"नाही," लासिनेम म्हणाली. "इथे कुणी देत नाही. एका बाईने दिली तेव्हा आम्ही तिला हसलो. मीही हसले. आज माझ्या नवऱ्याने सांगून ठेवलं होतं म्हणून देतोय. आम्ही विणतो ते तुमच्यासाठी."

 हार्नोचा चेहरा उतरला. नादिनने कॅमेरावाल्याकडे बघून मान हलवली आणि लासिनेमच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

"हरकत नाही, म्बाह. तेवढं आम्ही कापून टाकू. आता नुसतं हसा."

ती हसली नाही. पण कॅमेरावाला थांबून होता, आणि कुठूनसं कोंबडीचं पिल्लू येऊन आपेममध्ये चोच घालायला लागलं. त्याला हुसकताना तिला हसू आलं, तेवढं त्याने टिपलं.

संध्याकाळी पुरुष दुआसाठी आले. बाहेरच्या खोलीत ते दाटीवाटीने बसले. लासिनेम स्वयंपाकघराकडे निघाली तर बू चारिकने तिला थोरल्या बहिणीला म्हणतात तसं 'यू' म्हणत पडद्यामागे चटईवर बसवलं.

"तू बस, यू लासिनेम. आज तू त्याची बायको, स्वयंपाकीण नाहीस. आतलं आम्ही बघतो."

हे ऐकून लासिनेमला भरून आलं. दुपारी आपण सगळ्यांसमोर गावाची अब्रू काढली तरी बाई मनात ठेवत नाही, असं तिला वाटलं. ती डोळे मिटून बसली. बाहेर वागीमानचं नाव घेतलं जात होतं. आतून झाकणांचे आवाज येत होते.

दुआ संपली. पाहुणे उठू लागले तशी ती पडदा सारून दाराशी येऊन उभी राहिली, निरोप द्यायला. पहिला आला म्हातारा मशीदवाला. त्याच्या हातात विणीच्या नक्षीचा प्लास्टिकचा डबा होता. मागच्याच्या हातात तसाच. त्याच्या मागच्याच्याही. दिव्याच्या उजेडात डबे चकचक करत होते. येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे क्षणभर थांबून म्हणत होता, "अल्ला वागीमानची कबर प्रशस्त करो, यू," आणि तिला प्रत्येकाला मान लववून "आमीन" म्हणावं लागत होतं. एकाने पायरी उतरता उतरता डब्याचं बूड अंगठ्याने दाबलं. दबलं नाही. तो समाधानाने पुढे गेला.

शेवटचा माणूस जाईपर्यंत ती उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली. चुलीपाशी केळीच्या पानांचा चुरगळलेला ढीग पडला होता. बेसेक नव्हते. बाहेर मोटारीचं मागचं झाकण लागल्याचा आवाज झाला.

"कुठे आहेत ते?"

हार्नो बायकोकडे बघू लागला. बायको बू चारिककडे. बू चारिकला एकदम घरच्या नातवंडाची आठवण झाली.

"म्बोक, चिडू नकोस," हार्नो म्हणाला. "नादिनला तो रंग फार आवडला. असा धुरातला रंग तिच्या ग्राहकांनी कधी पाहिलाच नाही. तिने सगळे घेतले, पुढचं वर्षभर आपल्याच गावाचा माल घेते म्हणाली. अख्ख्या गावाचं पोट आहे ते. आणि पाहुण्यांना मी आधीच कबूल केलं होतं, की हातात डबा मिळेल. त्याशिवाय अर्धे आले नसते."

"तुझ्या बापाची बरकत होती ती."

"गेली ना मग बेसेकात! दुपारभर होती की. तू स्वतः झाकणं लावलीस. सगळ्यांनी हातात धरली. बापाला पोचायचं ते पोचलं असेल."

लासिनेमने हात उगारला. एवढ्या मोठ्या, घोडा झालेल्या पोरावर तिने आयुष्यात कधी हात उगारला नव्हता. मग तिला दिसलं की तो खरोखर चकित झालाय. आपलं काय चुकलं हे त्याला कळतच नव्हतं. हात तसाच खाली आला. मारून कळण्यासारखं ते नव्हतं.

मोटार निघून गेली. विवितने सासूच्या वाट्याची बरकत पुढे ठेवली, त्याच डब्यात. लासिनेमने ती कोंबड्यांना घातली आणि डबा कोपऱ्यात भिरकावला.

पुढे तो व्हिडिओ आला. गावाने तो एकमेकांच्या फोनवर पुन्हा पुन्हा पाहिला. त्यात लासिनेम हसत होती, आणि कुणी गोड आवाजाची बाई सांगत होती की या आजीच्या गावात आजही प्लास्टिकला थारा नाही. खाली लोकांनी लिहिलं होतं, डोळ्यांत पाणी आलं. लोकांचे डोळेही हल्ली लगेच भरतात. मागणी वाढली. ओट्यांवरच्या बायकांना मान वर करायला फुरसत मिळेना. लासिनेमही विणत होती. न विणून खाणार काय? पण पात्या आता दुसऱ्यांच्या होत्या, कुठे जाड कुठे बारीक.

बू चारिकची मुलगी सेमारांगला दिलेली होती. तिला मुलगी झाली आणि बारशाची कंदुरी माहेरी ठरली. सासरच्यांनी तो व्हिडिओ पाहिला होता. तुझ्या माहेरी बेसेकच चालतात ना, मग आम्हीच आणतो, म्हणून ते जकार्ताच्या दुकानातून बेसेक मागवून मोटारीने घेऊन आले. सोनाराने कान टोचले की दुखत नाहीत. ज्या गावात बेसेक पोत्याने पडलेले असतात, त्या गावात शहरातून आलेले बेसेक बघायला बायका दारात दाटल्या. कुणीही अंगठ्याने बूड दाबलं नाही.

लासिनेम तिथे कांदा चिरायला गेली होती. बू चारिक कौतुकाने ओलावली होती. ती लासिनेमशेजारी येऊन बसली.

"खरं सांगू, यू? राग मानू नकोस. कांग वागीमानच्या वेळी तुम्ही असंच करायला हवं होतं. किती शोभलं असतं!"

लासिनेमने तिच्याकडे बघितलं. बाईच्या तोंडावर खोट नव्हती. ती खरंच विसरली होती. लासिनेमने पुढचा कांदा घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कांदा असल्यामुळे कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी तिच्या घरी बरकत आली. गुळाच्या रंगाचा बेसेक, झाकणावर दुकानाचा छापील कागद चिकटवलेला. तिने झाकण काढलं. आत पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भात होता, तिच्या कडा नीट आत दुमडलेल्या, वरून दिसू नयेत म्हणून. तिने पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि बेसेक उलटा केला.

बुडाच्या मधोमध एक पाती काळसर होती.

 दिवा लावायचा राहिला. अंगठा त्या पातीवरून इकडून तिकडे फिरत होता. भाताला कसलाच वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बू चारिकची मुलगी दारोदार फिरत आली, हातात रिकामी पिशवी घेऊन.

"बेसेक परत हवाय, म्बाह. सासूबाईंनी मोजून आणलेत. फार महागाचे आहेत, शहरातले."

लासिनेम उठली. कोपऱ्यातून विणीच्या नक्षीचा प्लास्टिकचा डबा काढला, पदराने धूळ पुसली आणि तिच्या हातात दिला.

पोरगी गोंधळली. "हा नाही. तो... बांबूचा."

"हाच ने," लासिनेम म्हणाली. "विणकाम तेच आहे. फरक कुणाला कळतोय?"

पोरगी काहीतरी बोलायला गेली, पण म्हातारीचं तोंड बघून मागे फिरली. आता बू चारिक येईल, मग हार्नो येईल, मग धंद्याच्या आणि इज्जतीच्या गोष्टी होतील, हे लासिनेमला माहीत होतं. तिने दाराला कडी घातली. झाकणावरचा छापील कागद नखाने खरवडून काढला आणि बेसेक चुलीवरच्या फळीवर ठेवला. फळीवर जागाच जागा होती.